कोठ्यातलं तेल आणि माझं पाणी

मिथेनॉल नावाचं स्पिरिट उन्हात पेटवलं तर त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. हे मला साठाव्या वर्षी कळलं, आणि कळेपर्यंत माझी उजवी भुवई गेलेली होती. नंतर ती उगवली, पण विरळ. नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते, मोहफुलं वेचताना अस्वलाशी झटापट झाली. धाकटी नात विश्वास ठेवते. थोरली ठेवत नाही. ती माझ्यावर गेली आहे. कोणाच्याच बोलण्यावर तिचा भरवसा नसतो.

अस्वल वगैरे काही नव्हतं. होता तो माझा बुढा. नवऱ्याला उघडउघड बुढा म्हणायची मुभा आमच्याकडे साठीनंतर मिळते, आणि मी ती मिळाल्या दिवसापासून वापरते आहे.

बुढा धान पिकवायचा आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. बोडीतून, म्हणजे शेतातल्या तळ्यातून, पाणी उपसणारी जुनी इंजिनं, हँडल मारून सुरू होणारी. कोंढा गावाच्या बाजूला कोणाचं इंजिन रुसलं की बुढ्याला बोलावणं यायचं. कान लावून ऐकायचा आणि सांगायचा, याच्या नोझलमध्ये कचरा हाये. हात सोन्याचे होते आणि घसा कोरडा. मोहाच्या मुलखात घसा कोरडा असलेल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. वीस वर्षं तो प्यायला.

मग एकदा तो भर दुपारी शेताच्या धुऱ्यावर पडलेला सापडला आणि मी चार माणसांत बोलून बसले, "आता पुन्हा तोंडाले लागली तर मी एकोडीले माहेरी जाईन. वापस येनार नाई."

त्यानं सोडली. खरंच सोडली. अकरा वर्षं थेंब नाही.

आता माझी अट नीट पाहा. प्यायचं त्यानं आणि घर सोडायचं मी. गुन्हा त्याचा, बोचकं माझं. असली अट घालणारी बाई किती शहाणी असेल! पण तेव्हा मला वाटायचं, याच अटीनं हा माणूस बांधलेला आहे. पुढे गावातल्या बायांनी दारूबंदीची समिती काढली तेव्हा मलाच अध्यक्ष केलं, ते याच जोरावर. मी लोकांच्या परसात शिरून मडकी फोडली. माझी अट गावभर पाठ झाली. त्यामुळे बुढा पुन्हा प्यायला असता तर मला जावंच लागलं असतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

म्हणून मी रोज त्याचा वास घ्यायची. टोपी सरळ करायच्या निमित्तानं, कधी सदऱ्याची गुंडी लावायच्या. बुढा बिचारा मान पुढे करायचा.

त्या वर्षी त्याच्या सदऱ्याला भज्यांचा वास येऊ लागला.

बाजाराच्या दिवशी तो कोंढ्याला जायचा आणि परत येताना सायकलला प्लास्टिकची कॅन बांधलेली असायची. ती घरात आणायचा नाही. मागच्या बाजूनं थेट बैलांच्या कोठ्यात न्यायचा.

"भजे खाल्ले का?" मी विचारलं.

"नाई बापा."

"मंग सदऱ्याले वास कायचा येऊन राहिला?"

"हाटेलात बसलो होतो."

"बसून काय केलं?"

"बसलो."

आता मला सांगा, नुसतं बसायला कोण हॉटेलात जातं? आणि पुरुषमाणूस दर बाजाराला भजी खातो ती भज्यांसाठी खातो का? भजी म्हटलं की शेजारी ग्लास असतोच. अध्यक्षबाईंनी मनात पहिली नोंद केली.

दुसरी नोंद कुलपाची. बैल विकल्यापासून आमच्या कोठ्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि मोडकी अवजारं पडलेली होती. त्याला एकदम कुलूप लागलं. उंदरांसाठी तर कोणी कुलूप लावत नाही.

तिसरी नोंद काट्याची. त्यानं कुठूनसा सोनाराकडे असतो तसला इवलासा काटा आणला आणि कोठ्यात नेऊन ठेवला. क्षणभर मला वाटलं, कोण्या बाईला सोनं तोलून देतो की काय. मग मी बुढ्याकडे नीट पाहिलं आणि ती शंका तेवढी सोडून दिली.

माझी धाकटी जाऊ भिंतीला भिंत लागून राहते. समितीत ती माझा उजवा हात, आणि भिंतीपलीकडे तिचे दोन्ही कान. एक दिवस ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागायला आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, कोठ्यातून कसा वास येऊन राहिला व?"

"कसा?"

"दवाखान्यात सुई टोचाच्या आंधी कापसाचा येते ना, तसा."

"मले तर नाई आला."

"तुमाले नाई आला?" ती हसली. "तुमाले तर तिसऱ्या गल्लीतला येते."

सांबार घेऊन ती गेली. माझा जीव मात्र उंबऱ्यात टांगून गेली.

ते कुलूप आमचंच जुनं. त्याची दुसरी किल्ली माझ्या ट्रंकेत होती, हे बुढा विसरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बोडीकडे गेल्यावर मी कोठा उघडला.

आत एक लोखंडी पिंप विटांवर ठेवलेलं. पिंपाला खाली तोटी, तोटीला नळी, नळीचं तोंड कॅनमध्ये. बाजूला शेगडी. मडक्याऐवजी पिंप, एवढाच फरक. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्या फोडल्यावर मला भट्टी ओळखू येणार नाही?

फळीवर एका बरणीत पांढऱ्या पापुद्र्यासारखं काहीतरी होतं. हातभट्टीत नवसागर घालतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी बोट ओलं करून त्याला लावलं. आधी बोट साबण लावल्यासारखं गुळगुळीत झालं, मग चरचरायला लागलं. धावत जाऊन हात धुतला. नवसागर असं बोट जाळत नाही, हे कोणाही शुद्धीवरच्या बाईला कळलं असतं. ही बाई मनात म्हणाली, नवीन प्रकारचा नवसागर निघालेला दिसतो.

कोपऱ्यात निळी कॅन होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि कवटीचं चित्र. ते पाहून तरी थांबावं की नाही? मी म्हटलं, बरोबर आहे, दारूवर हेच चित्र पाहिजे. झाकण उघडलं. तोच वास, सुईच्या कापसाचा.

पहिल्या धारेची दारू ओळखायची आमच्याकडची रीत सोपी आहे. चमचाभर विस्तवावर टाकायची. भडकली तर पहिल्या धारेची. मी पितळी झाकणात थोडं ओतून घेतलं, अंगणात उन्हात ठेवलं आणि काडी लावली. काही दिसेना. दुसरी काडी लावली. तरी काही दिसेना. मला उगाच आशा वाटायला लागली की हे पाणीच असावं. नीट पाहावं म्हणून मी वाकले.

भुवईचं वर सांगितलंच आहे.

झाकणातलं जळून गेल्यावर मी पायरीवर बसले. आता खरं म्हणजे बोचकं बांधायला पाहिजे होतं. एकोडीची बस दुपारची असते. पण धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. आणि कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. आणि भावाच्या घरी तेव्हाच छताचं काम निघालं होतं. अशी कारणं मी बोटांवर मोजत बसले. मला जायचंच नव्हतं, हे साधं कारण काही त्या शहाणीला सुचलं नाही.

तेव्हा मी दुसरा उपाय काढला. तो उपाय नवा नव्हता.

बुढा प्यायचा त्या काळी त्याची बाटली तणसात लपवलेली असायची. मी ती शोधायची, अर्धी उकिरड्यावर ओतायची आणि तेवढंच पाणी भरून होती तिथे ठेवायची. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायांनी हे केलेलं आहे. सासू सुनेला शिकवते. बोलायचं नाही, पाणी घालायचं.

निळ्या कॅनमधून मी एक तांब्या बाहेर ओतला आणि एक तांब्या पाणी आत घातलं. कॅन होती तेवढी भरलेली. हात धुतले, कुलूप लावलं, पोळ्या लाटायला बसले.

"भवईले काय झालं व?" बुढ्यानं जेवताना विचारलं.

"चुलीनं घेतली."

"आपल्याकडं तर गॅस हाये."

"पाणी तापवाची चूल नाई का?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, हाही माझ्यावर नजर ठेवून आहे.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी तो कोठ्यातून बादली घेऊन बाहेर आला. मी न्हाणीच्या फटीतून पाहत होते. बादलीत पिवळट, घट्ट, बिघडलेल्या खरवसासारखं काहीतरी थुलथुलत होतं. खताच्या खड्ड्यापलीकडे त्यानं खड्डा खोदला, ते आत लोटलं, वर माती ओढली.

मी मनात म्हटलं, पुरावा पुरून राहिला.

पुढच्या आठवड्यात मी आणखी एक तांब्या घातला. त्यानं आणखी एक खड्डा खोदला. मग आणखी एक. बुढ्याचं बोलणं कमी झालं. भाजीत मीठ नसलं तरी खाऊन उठायचा. मला वाटलं, पाणी घातलेली पिऊन त्याला चढत नसेल, म्हणून चिडचिड. माझ्या उपायाला गुण येतोय म्हणून मी खूशही झाले.

एका दुपारी चहाची बशी हातात धरून तो आपल्या बोटांकडे पाहत बसला होता.

"काय पाहून राहिले?"

"हात कापतात व माहे."

"मंग?"

"इतके वर्सं इंजिनं खोलली. आता साधं माप नाई धरता येत. पेलो त्याचं असंन."

"काय मापून राहिले तुमी?"

चहा बशीतून सांडला तो त्यानं सदऱ्यानं पुसला.

कापणारे हात म्हणजे दारू. हे मी समितीच्या बैठकीत स्वतः बायांना सांगितलेलं होतं. त्या दिवशी मी दोन तांबे घातले.

शेवटी जाऊच बोलली. बैठकीत, सगळ्यांसमोर, चटईची काडी उपटत. (आमच्याकडे बायाही 'मी म्हनतो', 'मी जातो' असंच बोलतात.) "मी म्हनतो, नेम सगळ्याइले सारखा का नाई? का अध्यक्षाच्या घरचा कोठा येगळा?"

आठ जणी होत्या. आठही जणींनी माझ्या भुवईकडे पाहिलं.

"चला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चालताना मनात बोचकं बांधत होते: दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, चष्म्याचं घर. कोंबडीचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

कोठ्याचं दार उघडंच होतं. बुढा आत स्टुलावर बसून पिंप ढवळत होता. आठ बाया आणि नववी बायको दारात पाहून तो उठला. मला वाटलं आता पळेल, नाहीतर पाया पडेल. त्यानं पोतं झटकलं आणि खाली अंथरलं.

"या वहिनी, बसा. त्या निळ्या कॅनजवळ नोका बसू. तिच्यातलं पेलं तर मानूस आंधळा होते. मरते बी."

कॅनवर वाकून वास घेतलेला, झाकण जिभेपासून वीतभर लांब, हे सगळं मला तेव्हा आठवलं. मी पोत्यावर बसले, कॅनपासून सगळ्यांत लांबच्या टोकाला.

"भाऊजी, हे हाये तरी काय?" जावेनं विचारलं.

"डिझेल."

"डिझेल?" सगळ्या एकदम.

"हाटेलवाला भजे तळून उरलेलं काळं तेल नालीत फेकून देते. ते मी आनतो. गाळतो, तापवतो. ह्या कॅनमधल्या स्पिरिटात हा कास्टिक सोडा मिसळवतो, मंग ते तेलात टाकून घंटाभर ढवळतो. रातभर ठेवलं का खाली गुळाच्या काकवीसारखं बसते आनि वरती पातळ तेल येते. ते धुऊन, वाळवून इंजिनात टाकायचं. मोबाइलवर पाह्यलं. पह्यला डाव असा झाला वहिनी, का बाटली उन्हात धरली तर आरपार पेपर वाचता येत होता." त्यानं फळीवरची एक लहान बाटली काढून दाखवली. मधासारखं स्वच्छ तेल होतं. "इंजिन चाललं त्याच्यावर. धुराले भज्याचा वास."

बाया हसायला लागल्या. मीही हसले असते, पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्याच्यानंतर एक बी डाव साधला नाई. सगळा साबन होऊन राहिला. पाच डाव गेले." तो स्टुलावर बसला. "याच्यात पाण्याचा थेंब बी नाई पाहिजे. पाणी आलं का साबन झालाच. मी तेल बुडबुडा बंद होयेपर्यंत तापवतो. पिंप पुसतो. काडेपेटीसुद्धा कोरडी ठेवतो. मंग पाणी येते कोठून? माहंच माप चुकत असंन. हातच..."

त्यानं हात पुढे केले आणि परत मांडीवर ठेवले.

जावेनं निळ्या कॅनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिच्या शेजारच्या बाईनं. एकेक करून आठही जणींच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. सांगायची गरज नव्हती. त्या आठांपैकी सहा जणींनी आपापल्या घरच्या बाटलीत पाणी घातलेलं होतं, आणि त्यातल्या दोघींना मीच शिकवलं होतं.

"मी जातो, माह्या घरी गाय सुटली असंन," एक म्हणाली. तिच्याकडे गाय नव्हती. पाठोपाठ सगळ्या उठल्या. जाताना जाऊ माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाई, किती तांबे?"

मी पोत्याचा सुटलेला धागा ओढत राहिले.

त्या गेल्यावर मी त्याला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मला विचारायचं होतं ते मी आधी विचारलं. "मले काहून नाई सांगितलं?"

"कोठ्यात स्पिरिटची कॅन हाये म्हनलं असतं, तर पुढचं ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. एकोडीला जायची गरज उरली नव्हती, आणि मी मोकळा श्वास घ्यायला पाहिजे होता. पण बुढा आपल्या हातांकडेच पाहत होता. आता मला दोन वाटा होत्या. गप्प राहिले तर माझं नाव शाबूत राहत होतं आणि त्याचे हात कायमचे निकामी ठरत होते. ती बाई पूर्ण एक दिवस गप्प राहिली. मला तिची खरी लाज वाटते ती त्या दिवसाची. भुवईची नाही, मडक्यांची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोडीच्या पाळीवर होतो. तो इंजिनाजवळ उकिडवा बसलेला. मी त्याच्या पाठीकडे पाहून बोलले. तोंडाकडे पाहून जमलं नसतं.

"पाणी मी टाकत होतो."

"कायच्यात?"

"निळ्या कॅनीत. मले वाटलं, तुमची दारू हाये."

मला वाटलं आता उठेल आणि ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

"म्हंजे हात ठीक हायेत माहे," तो म्हणाला.

मला रडू आलं. पदर तोंडात घेतला. तेवढ्यात तो वळला.

"थांब. त्या टायमाले बी टाकत होतीस? तनसातल्या बाटलीत?"

"हो."

"तरीच! तरीच मले दोन-दोन बाटल्या लागत होत्या व!"

आम्ही दोघं हसलो. आधी तो, मग मी. बोडीतले बगळे उडाले. हसता हसता तो थांबला आणि त्यानं विचारलं, "अन् दारूच असती तर? गेली असतीस एकोडीले?"

खोटं बोलायची सवय होती, पण त्या वेळी सुचलंच नाही. "नसती गेली."

"मले माहीत होतं."

"कवापासून?"

"पह्यल्या दिवसापासून."

आता मी सावध झाले. म्हणजे ज्या अटीवर मी अकरा वर्षं मान ताठ करून गावभर फिरले, तिला हा माणूस भ्यायलाच नव्हता. "मंग दारू कायनं सोडली तुमी?"

त्यानं इंजिनाच्या टाकीचं झाकण घट्ट केलं. कपड्यानं पुसलं. पुन्हा घट्ट केलं.

"सांगा ना. कोनासाठी सोडली?"

"कोनासाठी म्हंजे?"

"तेच तर विचारून राहिलो," मी म्हटलं.

त्यानंतर नागपूरहून नवी कॅन आली. आता दुकानदार हे विष आहे म्हणून कागदावर दोन सह्या घेतो, एक त्याची, एक माझी. ढवळायचं काम माझ्याकडे आहे, मापायचं त्याच्याकडे. डाव साधतो. हात अजून थोडे कापतात, पण तो आता त्याबद्दल बोलत नाही. समितीत मी राहिले. अध्यक्ष जाऊ झाली. मी स्वतःच सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले की माझी एकोडीची अट रद्द.

राहिला तो एकच प्रश्न. इतकी वर्षं झाली, मी तो निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या बाजूनं विचारून पाहिला आहे. जेवताना, ताप आला असताना, एकदा तर त्याच्या दाढदुखीत. माझा संशय एका बाईवर आहे, पण ती वारली. दुसरा संशय आमच्या सासूवर आहे, पण तिच्यासाठी त्यानं कधी काही सोडलं नाही. परवा धानाला पाणी देताना पुन्हा विचारलं.

"खरं सांगा, काहून सोडली?"

बुढ्यानं इंजिनाचं हँडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "फिरव."